दक्षिण कॅलिफोर्नियाचे जलनियोजन

कोलोरॅडो या सामाईक नदीच्या पाण्यावरील अवलंबन मर्यादित करण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झालेले प्रादेशिक नियोजन. लॉस अँजेल्स, ऑरेंज, सॅन डिएगो इ. परगण्यांतील नागरी वस्ती आणि इंपीरिअल, कोअचेला व पालो व्हर्दे खोऱ्यांतील बागायती शेती हे या नियोजनाचे दोन मुख्य घटक आहेत. कोलोरॅडो नदीवर सात राज्ये, मेक्सिको हे स्वतंत्र राष्ट्र आणि अनेक आदिवासी जमाती यांचे हक्क असून सु. चार कोटी लोक तिचे पाणी वापरतात. करारांनी वाटून दिलेले पाणी नदीत प्रत्यक्ष वाहणाऱ्या पाण्यापेक्षा अधिक ठरल्यामुळे या नियोजनाची गरज निर्माण झाली.

प्रस्तुत विषयात पाण्याचे मापन एकर-फूट या एककात करण्याची प्रथा आहे. एक एकर क्षेत्रावर एक फूट उंचीने उभे राहील इतके पाणी म्हणजे एक एकर-फूट होय (सु. १,२३३ घ. मी.). महाराष्ट्रात धरणांच्या संदर्भात प्रचलित असलेल्या अब्ज घनफूट (टीएमसी) या एककात एक लक्ष एकर-फूट पाणी सु. ४.३६ इतके भरते.

भौगोलिक पार्श्वभूमी : कॅलिफोर्नियाचे बहुतेक पर्जन्य व हिम राज्याच्या उत्तर भागात व सिएरा नेव्हाडा पर्वतावर पडते, लोकसंख्येचा मोठा भाग मात्र दक्षिणेत केंद्रित झालेला आहे. लॉस अँजेल्स येथील वार्षिक पर्जन्यमान सरासरी सु. ३७ सेंमी. असून तेही मुख्यत्वे हिवाळ्यात पडते व वर्षावर्षाला फार कमी-अधिक होते. आग्नेय टोकाकडील इंपीरिअल खोरे हे तर वाळवंटच असून तेथे वर्षाला सरासरी सु. ८ सेंमी. पाऊसही कठीणच. कोलोरॅडो नदी (लांबी सु. २,३३० किमी.) रॉकी पर्वतातील हिमावर पोसली जाते. तिच्या प्रवाहात कॅलिफोर्नियाची भर नगण्य आहे. तिच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटेकरी मात्र कॅलिफोर्निया हाच आहे. पुढील सर्व वादांचे बीज या विसंगतीत आढळते.

दूरच्या पाण्याचा शोध : लॉस अँजेल्स शहराची लोकसंख्या १९०० मध्ये सु. एक लक्ष होती. ती १९३० पर्यंत बारा लक्षांवर गेली. त्याच नावाच्या लहानशा नदीवर व विहिरींवर ही वस्ती पोसली जाणे शक्य नव्हते. शहराचे मुख्य अभियंता विल्यम मुलहॉलंड यांनी सिएरा नेव्हाडाच्या पूर्वेकडील ओवेन्स खोऱ्यातून ३७५ किमी. लांबीची जलवाहिनी १९०८–१३ या काळात बांधून घेतली. शहरासाठी जमिनी व जलहक्क गुपचूप खरेदी करण्यात आले होते, हे उघड झाल्यावर खोऱ्यातील शेतकऱ्यांत असंतोष माजला आणि १९२४ पासून जलवाहिनीवर सुरुंगांचे हल्ले झाले. त्याच दशकात ओवेन्स सरोवर कोरडे पडले व त्याच्या तळावरील क्षारयुक्त धूळ पुढे कित्येक दशके आरोग्याचा प्रश्न बनून राहिली. एका प्रदेशाची तहान भागविताना दुसऱ्या प्रदेशावर पडणारा भार योजनेच्या हिशेबात धरलेला नव्हता. ही त्रुटी या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

याच सुमारास आग्नेयेकडे खाजगी कंपनीने १९०१ मध्ये कोलोरॅडोचे पाणी कालव्याने इंपीरिअल खोऱ्यात आणले. हा कालवा काही अंतर मेक्सिकोच्या हद्दीतून जात असे. १९०५ मध्ये नदीने कालव्याचे तोंड फोडले व जवळजवळ दोन वर्षे तिचे पाणी समुद्रसपाटीखालील सखल भागात साठत राहिले. त्यातून सॉल्टन सी हे सरोवर निर्माण झाले. १९०७ मध्ये खिंडार बुजविण्यात आले. तथापि पूरनियंत्रणासाठी मोठे धरण व सर्वस्वी अमेरिकेच्या हद्दीतून जाणारा कालवा हवा, ही मागणी येथून सुरू झाली. इंपीरिअल इरिगेशन डिस्ट्रिक्ट ही पाटबंधारे संस्था १९११ मध्ये स्थापन झाली.

कोलोरॅडोचे वाटप : जो प्रथम पाणी वापरील त्याचा प्रथम हक्क, हे तत्त्व पश्चिम अमेरिकेतील जलकायद्याचा पाया आहे. झपाट्याने वाढणारे कॅलिफोर्निया या तत्त्वाच्या आधारे सर्व नदीच बळकावील, अशी धास्ती वरच्या खोऱ्यातील राज्यांना वाटू लागली. परिणामी हर्बर्ट हूव्हर यांच्या अध्यक्षतेखाली वाटाघाटी होऊन २४ नोव्हेंबर १९२२ रोजी सँता फे येथे कोलोरॅडो नदी करारावर सह्या झाल्या. लीज फेरी हे ठिकाण सीमा मानून वरच्या व खालच्या खोऱ्यांना प्रत्येकी ७५ लक्ष एकर-फूट पाणी देण्यात आले. शिवाय खालच्या खोऱ्याला आणखी १० लक्ष एकर-फुटांपर्यंत वापर वाढविण्याची मुभा मिळाली. नदीचा वार्षिक प्रवाह १६० लक्ष एकर-फुटांहून अधिक आहे, असे त्या वेळी गृहीत धरण्यात आले. हे गृहीत मोजमापाच्या ज्या वर्षांवर आधारले होते, ती असाधारण ओली होती. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जलतज्ञ ई. सी. लारू यांनी १९२० च्या दशकातच पाणी इतके नाही, असा इशारा दिला होता. त्याकडे दुर्लक्ष झाले. वृक्षवलयांच्या अभ्यासावरून १९७६ मध्ये करण्यात आलेल्या अनुमानानुसार दीर्घकालीन सरासरी प्रवाह १३५ लक्ष एकर-फुटांच्या आसपास भरला. मेक्सिको व आदिवासी जमाती यांना १९२२ च्या वाटाघाटींत स्थान नव्हते. मेक्सिकोला १९४४ च्या तहाने वर्षाला १५ लक्ष एकर-फूट पाणी मान्य करण्यात आले, म्हणजे मुळातच तुटीच्या हिशेबावर आणखी एक देणे चढले.

बोल्डर कॅन्यन प्रकल्पाचा कायदा १९२८ मध्ये संमत झाला. त्याची पूर्वअट म्हणून कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९२९ मध्ये आपला हक्क वार्षिक ४४ लक्ष एकर-फूट व अतिरिक्त पाण्याच्या निम्म्या भागापुरता मर्यादित केला. १९३१ मध्ये राज्यातील सात पक्षांनी आपसांत अग्रक्रम ठरविले. पालो व्हर्दे, यूमा, इंपीरिअल व कोअचेला येथील शेतीसाठी पहिले तीन अग्रक्रम मिळून ३८.५ लक्ष एकर-फूट राखून ठेवण्यात आले. समुद्रकिनाऱ्याजवळील शहरांना चौथ्या अग्रक्रमाने ५.५ लक्ष आणि पाचव्याने ६.६२ लक्ष एकर-फूट मिळावयाचे होते. पहिल्या चार अग्रक्रमांची बेरीज नेमकी ४४ लक्ष होते. अर्थात शहरांच्या वाट्याचा निम्म्याहून अधिक भाग राज्याच्या मूळ हक्काबाहेरचा, म्हणजे इतरांनी न वापरलेल्या पाण्यावर अवलंबून होता.

अतिरिक्त पाण्यावरील वाढ : मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्ट (पुढे ‘महानगर जलसंस्था’) ही संस्था लॉस अँजेल्स व आसपासच्या शहरांनी १९२८ मध्ये स्थापन केली. ऐन मंदीत, १९३१ मध्ये, मतदारांनी तिच्या २२ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना संमती दिली. हूव्हर धरण (उंची २२१ मी.) १९३५ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले व त्याच्या मागे मीड जलाशय तयार झाला. खाली पार्कर येथे शहरांसाठी दुसरे धरण बांधण्यास सुरुवात होताच ॲरिझोनाचे राज्यपाल बेंजामिन मूर यांनी १९३४ मध्ये राज्याचे सैन्य नदीकाठी धाडले. काम काही काळ थांबले, पण धरण १९३८ मध्ये पुरे झाले. तेथून ३९० किमी. लांबीची कोलोरॅडो जलवाहिनी पाच उपसा केंद्रांच्या साहाय्याने पाणी सु. ४९० मी. वर चढवून किनाऱ्याकडे आणते. तिचे पाणी १९४१ पासून शहरांना मिळू लागले. इंपीरिअल खोऱ्याला पाणी देणारा सु. १३० किमी. लांबीचा ऑल-अमेरिकन कालवाही याच सुमारास सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात नाविक तळामुळे फुगलेल्या सॅन डिएगोला १९४७ मध्ये हे पाणी पोहोचले.

ॲरिझोना व नेव्हाडा या राज्यांकडे आपला वाटा उचलण्याची साधने नव्हती. त्यांचे न वापरलेले पाणी कॅलिफोर्निया वापरीत गेले आणि काही वर्षी हा वापर ५२ लक्ष एकर-फुटांपर्यंत पोहोचला. जलवाहिनी भरून वाहत असल्यामुळे हे पाणी उसने आहे, ही जाणीव नगररचनेत फारशी उतरली नाही. विस्तीर्ण हिरवळी, पोहण्याचे तलाव व दूरवर पसरलेली उपनगरे हे प्रदेशाच्या राहणीचे अंग बनले.

न्यायालयीन निर्णय : ॲरिझोनाने १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्याचा निकाल १९६३ मध्ये व हुकूमनामा १९६४ मध्ये लागला. खालच्या खोऱ्याच्या ७५ लक्ष एकर-फुटांपैकी कॅलिफोर्नियाला ४४ लक्ष, ॲरिझोनाला २८ लक्ष व नेव्हाडाला ३ लक्ष असे वाटे निश्चित झाले. नदीकाठच्या पाच आदिवासी जमातींचे सु. ९ लक्ष एकर-फुटांचे हक्कही मान्य करण्यात आले व ते त्या त्या राज्याच्या वाट्यातून द्यावयाचे ठरले. मध्य ॲरिझोना प्रकल्पाला १९६८ मध्ये मंजुरी मिळाली. तेव्हा तुटीच्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या ४४ लक्ष एकर-फुटांना प्राधान्य राहील, अशी अट कॅलिफोर्नियाने घालून घेतली. ५४१ किमी. लांबीच्या या कालव्याने १९८५ मध्ये फीनिक्स भागात पाणी पोहोचविले व १९९३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाला. महानगर जलसंस्थेच्या जलवाहिनीतील निम्म्याहून अधिक पाण्याचा आधार त्याबरोबर डळमळीत झाला.

निकाल लागण्यापूर्वीच उत्तरेकडील पाण्याचा पर्याय निवडण्यात आला होता. राज्य जलप्रकल्पाला मतदारांनी १९६० मध्ये अल्प मताधिक्याने मान्यता दिली. फेदर नदीचे पाणी सॅक्रामेंटो–सॅन वाकीन त्रिभुज प्रदेशातून उचलून व तेहाचापी पर्वतावर ५८७ मी. चढवून १९७० च्या दशकाच्या आरंभी दक्षिणेत आणण्यात आले. परंतु त्रिभुज प्रदेशाला वळसा घालणारा प्रस्तावित कालवा मतदारांनी १९८२ मध्ये फेटाळला आणि तेथील दुर्मिळ होत चाललेल्या माशांच्या रक्षणासाठी पुढे उपशावर न्यायालयीन बंधने आली. मोनो सरोवराला मिळणारे प्रवाह लॉस अँजेल्सने वळविले होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये या पाण्याबाबत सार्वजनिक न्यासाचे तत्त्व लागू केले व राज्य जलसंपत्ती नियंत्रण मंडळाने १९९४ मध्ये शहराच्या उपशावर मर्यादा घातली. अशा रीतीने पूर्व, आग्नेय व उत्तर या तिन्ही दिशांचे पाणी एकाच पिढीत अनिश्चित झाले. एका दूरच्या स्रोताच्या जागी दुसरा दूरचा स्रोत आणण्याचा मार्ग येथे संपला.

अवर्षण व प्रादेशिक नियोजन : १९८७–९२ च्या अवर्षणाने ही स्थिती उघड केली. १९९१ मध्ये सॅन डिएगो परगणा आपल्या पाण्यापैकी सु. ९५ टक्के पाणी महानगर जलसंस्थेकडून घेत होता. त्या वर्षी पुरवठ्यात ३१ टक्के कपात झाली. एका पुरवठादारावर विसंबणे परवडणार नाही, हा धडा या परगण्याने घेतला आणि पुढील पाव शतक त्याचे धोरण याच अनुभवावर आधारलेले होते.

महानगर जलसंस्थेने जानेवारी १९९६ मध्ये एकात्मिक साधनसंपत्ती योजना स्वीकारली. तोपर्यंत आयात पाणी आणणे हे संस्थेचे काम व स्थानिक पाण्याची व्यवस्था हे सदस्य शहरांचे काम, अशी विभागणी होती. नव्या योजनेत काटकसर, सांडपाण्याचा पुनर्वापर, भूजल, साठवण व आयात पाणी यांचा सर्व प्रदेशासाठी एकत्र हिशेब मांडण्यात आला. स्थानिक प्रकल्पांतून निर्माण होणाऱ्या प्रत्येक एकर-फुटामागे संस्था अनुदान देऊ लागली, कारण एका शहराने वाचविलेल्या पाण्याचा लाभ आयात पाण्याच्या रूपाने इतर शहरांना होतो. ओल्या वर्षी साठवावयाचे व कोरड्या वर्षी वापरावयाचे, हे योजनेचे दुसरे सूत्र होते. हेमेट शहराजवळील डायमंड व्हॅली जलाशय (क्षमता सु. ८ लक्ष एकर-फूट) याच विचाराने बांधण्यात आला असून भूजलधारक स्तरांतही पाणी साठविण्याचे करार करण्यात आले. कमी पाणी वापरणारी शौचकूपे, धुलाई यंत्रे व सिंचनसाधने यांसाठी सवलती देण्यात आल्या. लॉस अँजेल्स शहराची लोकसंख्या १९७० नंतर दहा लक्षांनी वाढूनही शहराचा एकूण पाणीवापर त्या काळच्या पातळीपेक्षा वाढला नाही. प्रदेशातील सर्वांत स्वस्त ‘नवे’ पाणी काटकसरीतून मिळाले, असे म्हणता येईल.

चव्वेचाळीस लक्ष एकर-फुटांचा आराखडा : कॅलिफोर्नियाने आपल्या हक्काच्या मर्यादेत यावे, असे अंतर्गत कारभार मंत्री ब्रूस बॅबिट यांनी १९९६ मध्ये बजावले. राज्यातील सर्वाधिक पाणी शेतीच्या हाती असल्याने शेतीतील बचत शहरांनी विकत घेणे, हा आराखड्याचा गाभा ठरला. १९८८ मध्ये महानगर जलसंस्थेने इंपीरिअल खोऱ्यातील कालवे व नियंत्रणसाधने सुधारण्याचा खर्च उचलून वर्षाला सु. एक लक्ष एकर-फूट पाणी मिळविले होते. ते उदाहरण समोर होते. अंतिम करारासाठी २००२ ची अखेर ही मुदत देण्यात आली. इंपीरिअलच्या संचालक मंडळाने डिसेंबर २००२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी करार नाकारताच संघीय शासनाने १ जानेवारी २००३ पासून कॅलिफोर्नियाचे अतिरिक्त पाणी बंद केले. अखेर १० ऑक्टोबर २००३ रोजी वाटा-निश्चिती करारावर सह्या झाल्या.

या कराराने इंपीरिअलचा वापर ३१ लक्ष एकर-फुटांवर सीमित केला. त्यातून टप्प्याटप्प्याने वर्षाला २ लक्ष एकर-फूट पाणी सॅन डिएगोकडे जावयाचे ठरले. कोअचेला व ऑल-अमेरिकन कालव्यांच्या मातीच्या भागांचे काँक्रीटने अस्तरीकरण करून वर्षाला सु. ९४ हजार एकर-फूट पाझर वाचविण्यात आला. त्याचा मोठा भाग सॅन डिएगोला व काही भाग सॅन लुईस रे खोऱ्यातील आदिवासी जमातींना मिळाला. पालो व्हर्दे खोऱ्यात २००५ पासून ३५ वर्षांच्या करारान्वये शेतकरी मोबदला घेऊन जास्तीत जास्त सु. २८ टक्के जमीन आळीपाळीने पडीक ठेवतात व वाचलेले पाणी शहरांकडे जाते.

स्थानिक स्रोतांचा विकास : लॉस अँजेल्स परगण्यात शुद्ध केलेले सांडपाणी जमिनीत मुरविण्याची पद्धत १९६२ पासून आहे. ऑरेंज परगण्याच्या जलसंस्थेला समुद्राचे खारे पाणी भूजलात शिरण्याची भीती होती. तिने १९७० च्या दशकाच्या मध्यास ‘वॉटर फॅक्टरी २१’ हा प्रकल्प सुरू करून प्रगत शुद्धीकरण केलेले पाणी विहिरींवाटे जमिनीत सोडले व खाऱ्या पाण्याविरुद्ध भूमिगत बांध उभा केला. त्याची जागा २००८ मध्ये भूजल पुनर्भरण प्रणालीने घेतली. तीत सांडपाणी सूक्ष्मगाळण, व्यस्त तर्षण (अर्धपार्य पटलातून दाबाखाली पाणी पार करण्याची क्रिया) आणि जंबुपार किरण व हायड्रोजन पेरॉक्साइड या तीन टप्प्यांतून जाते व नंतर भूजलात मिसळते. प्रणालीची दैनिक क्षमता २००८ मध्ये ७ कोटी गॅलन होती, ती २०१५ मध्ये १० कोटी व २०२३ मध्ये १३ कोटी गॅलन (सु. ४.९ लक्ष घ. मी.) झाली. लोकांच्या मनातील किळस हा अशा प्रकल्पांचा मोठा अडसर असतो. बांधकामापूर्वी कित्येक वर्षे नागरिक, डॉक्टर व स्थानिक संस्था यांच्यासमोर प्रक्रिया उघडपणे मांडल्यामुळे येथे तो दूर झाला. शुद्ध केलेले सांडपाणी थेट पेयजलव्यवस्थेत घेण्यासंबंधीचे नियम कॅलिफोर्नियाने डिसेंबर २०२३ मध्ये स्वीकारले.

सॅन डिएगो परगण्यात कार्ल्सबॅड येथे दिवसाला ५ कोटी गॅलन पाणी देणारा समुद्रजल निर्लवणीकरण प्रकल्प डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाला. तो परगण्याची सु. एकदशांश गरज भागवितो. परंतु हे पाणी महाग असून त्यास ऊर्जाही फार लागते. हंटिंग्टन बीच येथील अशाच प्रकल्पाला राज्याच्या किनारपट्टी आयोगाने सागरी जीवांवरील परिणाम व पाण्याची किंमत यांमुळे २०२२ मध्ये एकमताने परवानगी नाकारली.

भार व परिणाम : पाझरणारे किंवा शेतातून निथळणारे पाणी नियोजनात ‘वाया जाणारे’ म्हणून गणले जाते; प्रत्यक्षात ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडत असते. ऑल-अमेरिकन कालव्याच्या पाझरावर सीमेपलीकडील मेहिकाली खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या विहिरी चालत. अस्तरीकरणाविरुद्ध दावे झाले, पण काँग्रेसने २००६ च्या कायद्याने काम पुढे नेण्याचा आदेश दिला व ते २०१० पर्यंत पूर्ण झाले. इंपीरिअल खोऱ्याच्या निचऱ्याच्या पाण्यावर सॉल्टन सी टिकून होता. करारानुसार पहिली पंधरा वर्षे, म्हणजे २०१७ अखेरपर्यंत, सरोवराला भरपाईचे पाणी देण्यात आले. त्यानंतर ते अधिक वेगाने आटू लागले. क्षारता वाढून मासे व त्यांवर जगणारे स्थलांतरी पक्षी घटले. उघड्या पडलेल्या तळावरील धुळीचा उपद्रव आधीच दम्याचे प्रमाण अधिक असलेल्या, मुख्यत्वे गरीब व मेक्सिकन वंशाच्या वस्तीला होतो. सरोवराच्या पुनःस्थापनेची जबाबदारी राज्याने पतकरली होती, परंतु काम दीर्घकाळ रेंगाळले. जमीन पडीक ठेवल्यावर मालकाला मोबदला मिळतो. शेतमजूर, बीबियाणे विकणारे व यंत्रे दुरुस्त करणारे यांचे काम मात्र कमी होते. पालो व्हर्देच्या करारात याकरिता स्थानिक निधीची तरतूद करावी लागली.

स्वावलंबनाचीही किंमत असते. सॅन डिएगोने दीर्घ मुदतीच्या करारांनी पाणी निश्चित केले, परंतु काटकसरीमुळे मागणी घटली व स्थिर खर्च कमी पाण्यावर विभागला जाऊन दर वाढले. या दरांना कंटाळून फॉलब्रुक व रेनबो या शेतीप्रधान भागांनी नोव्हेंबर २०२३ मधील मतदानाने परगण्याच्या जलसंस्थेतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला.

इ. स. २००० नंतरची स्थिती : करार होत असतानाच कोलोरॅडोचे खोरे दीर्घ अवर्षणात शिरले. २०००–१४ या काळात नदीचा प्रवाह १९०६–९९ च्या सरासरीपेक्षा सु. १९ टक्के कमी होता व या घटीचा सु. एकतृतीयांश भाग तापमानवाढीमुळे झाला, असे ब्रॅडली उडॉल व जोनाथन ओव्हरपेक यांनी २०१७ मध्ये दाखविले. उष्ण हवेत हिम लवकर वितळते, माती व वनस्पती अधिक पाणी घेतात आणि तितकाच हिमवर्षाव होऊनही नदीत कमी पाणी उतरते. २००७ च्या मार्गदर्शक नियमांनी मीड जलाशयाची पातळी व कपातीचे प्रमाण यांची सांगड घातली. वाचविलेले पाणी जलाशयात आपल्या नावे ठेवण्याची सोयही केली. मेक्सिकोशी २०१२ मध्ये झालेल्या समझोत्याने तूट व साठवण या दोहोंत त्या देशाला सहभागी करून घेतले. त्याच समझोत्यानुसार २०१४ मध्ये कोरड्या त्रिभुज प्रदेशात काही आठवडे पाणी सोडण्यात आले. २०१९ च्या अवर्षण आराखड्यात कॅलिफोर्नियाने प्रथमच तुटीचा वाटा उचलण्याचे मान्य केले. इंपीरिअल मात्र त्यातून बाहेर राहिले. संघीय शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये नदीवर पहिली अधिकृत तूट जाहीर केली. जुलै २०२२ मध्ये मीड जलाशय सु. ३१७ मी. उंचीपर्यंत उतरला. जलाशय प्रथम भरला जात असताना १९३७ मध्ये असलेल्या पातळीनंतरची ही नीचतम पातळी होय. खालच्या खोऱ्यातील तीन राज्यांनी मे २०२३ मध्ये २०२६ अखेरपर्यंत एकूण ३० लक्ष एकर-फूट पाणी वाचविण्याची योजना मांडली. त्या वर्षी कॅलिफोर्नियाचा वापर सु. ३७ लक्ष एकर-फुटांपर्यंत उतरला. एकेकाळी ५२ लक्ष वापरणाऱ्या राज्याच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. २००७ च्या नियमांची मुदतही २०२६ अखेरपर्यंतच ठरविलेली होती. त्यामुळे पुढील वाटपाच्या वाटाघाटी सातही राज्यांना कराव्या लागल्या.

उत्तरेकडील पाण्याबाबतही धोरण बदलले. त्रिभुज प्रदेशावरील अवलंबन कमी करणे हे राज्याचे धोरण असल्याचे २००९ च्या कायद्याने घोषित केले. २०२२ च्या अवर्षणात महानगर जलसंस्थेच्या क्षेत्रातील सु. ६० लक्ष लोकांवर कडक निर्बंध आले. ज्या भागांत फक्त राज्य जलप्रकल्पाचे पाणी पोहोचते, तेथे कोलोरॅडोचे किंवा साठविलेले पाणी नेण्यास पुरेशा वाहिन्याच नव्हत्या. प्रादेशिक हिशेबात पुरेसे दिसणारे पाणी प्रत्येक गावापर्यंत पोहोचेलच असे नाही, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

मूल्यमापन : दक्षिण कॅलिफोर्नियाने आपले अवलंबन स्वेच्छेने घटविले नाही. न्यायालयाचा हुकूमनामा, शेजारी राज्याचा कालवा, अवर्षण व संघीय शासनाने दिलेली मुदत यांनी तसे करणे भाग पाडले. तथापि बंधन आल्यानंतर उभी राहिलेली व्यवस्था उल्लेखनीय आहे. सु. १ कोटी ९० लक्ष लोकांच्या प्रदेशाने वस्ती वाढत असताना मागणी आटोक्यात ठेवली, सांडपाण्याला साधनसंपत्तीचे स्थान दिले आणि शहर व शेती यांच्यातील पाण्याची देवघेव सक्तीऐवजी मोबदल्याच्या करारांवर आणली. ओवेन्स खोऱ्याच्या अनुभवाच्या तुलनेत ही प्रगती होय. मात्र करारावर सही करणाऱ्यांनाच मोबदला मिळाला. मेहिकालीचे शेतकरी, सॉल्टन सीच्या काठची वस्ती व नदीचा त्रिभुज प्रदेश हे सहीच्या बाहेर राहिले. सामाईक नदीवरील भार हलका करणारी योजना तो भार नकळत कोणाच्या खांद्यावर टाकते, याचा हिशेब आरंभीच मांडला नाही, तर बचतीचे आकडे अपुरे ठरतात. नदीत नसलेले पाणी १९२२ मध्ये कागदावर वाटले गेले. त्याची वजाबाकी पुढील शंभर वर्षे चालू राहिली.